पडलात तर आधी जरा बसा

सायकलवरून पडण्याबद्दल आपल्याकडे कोणी सरळ बोलत नाही. मोठा अपघात झाला तर बातमी होते, नातेवाईक फोन करतात, पण ते छोटं पडणं, म्हणजे थांबता थांबता एका बाजूला कलंडणं, फेरीबोटीच्या धक्क्यावर चाक सरकणं, सलवार चेनमध्ये अडकून भर चौकात आडवं होणं, हे सगळं घरी आल्यावर लांब बाह्यांचा ड्रेस घालून लपवलं जातं. पणजी, रायबंदर, जुने गोवे, चोडण, दिवाडी या पट्ट्यात मी बरीच वर्षं सायकल चालवतेय, आमचा सकाळचा एक ग्रुप आहे, त्यात कॉलेजच्या मुलींपासून रिटायर्ड काकांपर्यंत सगळे आहेत आणि त्यातलं प्रत्येकजण कधी ना कधी पडलंय. एवढं बघून झाल्यावर मला एक गोष्ट पक्की वाटते, पडण्यापेक्षा ती लाज जास्त नुकसान करते. लाजेपायी माणूस ताडकन उठतो, दुखतंय ते सांगत नाही, आणि कधीकधी सायकलच सोडून देतो. म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय.

आमच्या आईचंच घ्या. आई डिचोलीला असते, पन्नाशी उलटल्यावर सायकल शिकली, लहानपणी घरात भावांना सायकल मिळाली आणि तिला नाही मिळाली ही गोष्ट तिच्या मनात इतकी वर्षं राहिली होती. दुकानातून लेडीज सायकल आणली, महिनाभर मैदानात सराव केला, मग हळूहळू बाजारापर्यंत जायला लागली. आणि एक दिवस बाजाराच्या वळणावर समोरून कदंब बस आली म्हणून ती थांबली. थांबली फक्त. पाय टेकायला गेली तर पाय पोचेना, कारण दुकानदाराने सीट उंच ठेवली होती, आणि ती सावकाश, अगदी सावकाश डावीकडे कलंडली आणि सायकल तिच्या अंगावर. बस केव्हाच थांबली होती, कंडक्टर उतरून आला, भाजीवाल्या बायका धावल्या, "अगो बाय, पडली गो!" गुडघ्याला थोडं खरचटलं होतं बस. ती हसली, सगळ्यांना सांगितलं कांय जावंक ना, आणि सायकल ढकलत घरी आली. मग ती सायकल पडवीत जुन्या चादरीखाली गेली ती चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी होईपर्यंत बाहेर निघाली नाही.

मला हे बरेच दिवस माहीतच नव्हतं. विचारलं की म्हणायची पाऊस आहे, चिखल आहे. शेवटी बाबांनी फोनवर सांगितलं. मी घरी गेले तेव्हा तिने मला गुडघा नाही दाखवला, तो तर कधीच बरा झाला होता, ती म्हणाली, "ह्या वयात रस्त्यात पडले ते सगळ्यांनी बघितलं गं." मला तेव्हा फार वाईट वाटलं, कारण तिचं काहीच चुकलं नव्हतं. सीट दोन बोटं खाली घेतली असती तर ती पडलीच नसती, आणि ती वर ठेवलेली सीट चुकीची आहे हे नवीन शिकणाऱ्या बाईला कळणार कसं?

तर पहिली गोष्ट इथेच सांगते. नवीन शिकणाऱ्याची सीट अशी हवी की सीटवर बसल्या बसल्या दोन्ही पावलं पूर्ण जमिनीला टेकली पाहिजेत. पेडल मारायला ती उंची थोडी कमी पडते, गुडघे जास्त वाकतात, लांब जायचं असेल तर पुढे ती वाढवावी लागते, पण ते नंतर. आधी पाय टेकण्याचा विश्वास.

आता थांबतानाच माणूस का पडतो, तर सायकल उभी राहते ती चालत असते म्हणून. ती ज्या बाजूला कलते त्या बाजूला पुढचं चाक जरासं वळतं, मग चाकं परत आपल्या वजनाच्या खाली येतात, हे आपण नकळत सारखं करत असतो. चाक गरगर फिरतं म्हणून तोल राहतो असं पूर्वी सरसकट सांगायचे, पण २०११ साली कॉर्नेल आणि डेल्फ्टच्या संशोधकांनी सायन्स या जर्नलमध्ये एक पेपर दिला, त्यांनी अशी छोटी सायकल बनवली होती की तिच्यात फिरत्या चाकांचा तो परिणाम उलट फिरणाऱ्या चाकांनी रद्द केलेला होता, तरी ढकलून सोडली की ती स्वतःची स्वतः सावरत जायची. मला हे वाचून खूप आनंद झाला होता, एवढी साधी रोजची वस्तू आणि तिचं गणित अजून लोक सोडवतायत. पण मुद्दा असा की या सावरण्याला वेग लागतो. वेग कमी झाला की तेवढ्याच कलण्यासाठी हँडल कितीतरी जास्त वळवावं लागतं आणि अगदी थांबल्यावर हँडल वळवून उपयोगच नसतो, तिथे फक्त पाय. म्हणजे जे पडणं लोकांना सगळ्यात बावळटपणाचं वाटतं, जागच्या जागी पडणं, तेच सायकलच्या बाबतीत सगळ्यात साहजिक आहे. आईला मी हे सगळं समजावलं तेव्हा ती लक्ष देऊन ऐकत होती आणि मग म्हणाली, म्हणजे बस आली म्हणून पडले नाही, थांबले म्हणून पडले. बरोबर.

क्लीटवाल्यांचं पण हेच. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांनी रोड बाइक घेतली, सोबत क्लिपवाली पेडल्स, म्हणजे बुटाखालची क्लीट पेडलमध्ये खटकन बसते. ही कल्पना स्कीइंगच्या बाइंडिंगवरून आली, लूक कंपनीने १९८४ मध्ये तशी पेडल्स आणली, पुढच्याच वर्षी बर्नार इनोने टूर द फ्रान्स ती वापरून जिंकली, आणि शिमानोने १९९० मध्ये एसपीडी काढली जी आज आपल्याकडे बहुतेक लोक वापरतात. पाय सोडवायचा तर टाच बाहेरच्या बाजूला फिरवायची. पण माणूस थांबताना घाबरला की पाय सरळ वर ओढतो, तो सुटत नाही, आणि तसाच्या तसा आडवा होतो. काका मिरामार सर्कलला असेच पडले, रविवारची सकाळ, टूरिस्टांची गर्दी, दोघातिघांनी मोबाइल काढले. मला त्या मोबाइलवाल्यांचा आजही राग येतो. पडलेल्या माणसाचा व्हिडिओ काढायला हात लगेच पुढे येतो, मग सायकल उचलायला का येत नाही?

काकांनी नंतर काय केलं ते सांगण्यासारखं आहे. घरी भिंतीला टेकून सायकलवर बसायचे आणि पाय आत-बाहेर, आत-बाहेर, टीव्ही बघता बघता. पेडलवर एक छोटा स्क्रू असतो, ३ मिमीच्या ॲलन कीने तो ढिला करून घेतला म्हणजे पाय कमी जोरात सुटतो. आणि एसएच-५१ च्या जागी एसएच-५६ क्लीट लावल्या, त्या फक्त बाहेर नाही, इतर बाजूंनीही सुटतात, अगदी वर ओढला तरी. नवीन लोकांनी याच लावाव्यात असं मी तर म्हणेन. आणि सिग्नल किंवा सर्कल दिसलं की लांबूनच एक पाय काढून ठेवायचा, रोज तोच पाय, म्हणजे अंगवळणी पडतं.

हे काढून ठेवण्याचं कसब कोणाकडे बघायचं असेल तर पोदेराकडे, म्हणजे आमच्या पाववाल्याकडे बघा. आमच्या वाड्यावर सकाळी उजाडायच्या आत तो येतो, मागे भली मोठी टोपली, त्यात उंडे, पोई, काकणं असे पाव, पावसात वरून निळं प्लास्टिक, आणि तो भोंगा. टोपलीमुळे त्याला पाय मागून टाकून उतरता येत नाही. मी त्याला मुद्दाम निरखून बघितलंय, तो गेटच्या बऱ्याच आधी पेडल मारायचं सोडतो, सीटवरून पुढे सरकतो, डावा पाय पेडलवर आणि उजवा आधीच जमिनीपासून वीतभर वर तयार, सायकल अजून सरकत असतानाच तो पाय टेकतो आणि मग हँडल जरासं कलतं करून कमरेला टेकवतो. पूर्ण थांबण्याच्या आधी पाय खाली. त्यात कुठेही घाई नाही. चढावर शेवाळ दिसलं की सरळ उतरून ढकलतो, त्यात त्याला काही कमीपणा वाटत नाही.

एका पावसाळ्यात तो पडला होता, उतारावर, टोपलीसकट. पाव चिखलात गेले. लोक पाव वेचायला धावले, आणि तो मात्र गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर जाऊन बसला. बोटं एकेक करून हलवून बघितली, मनगट फिरवून बघितलं, कोपर बघितलं, पाणी मागितलं. कोणीतरी म्हणालं अरे पाव भिजतायत, तर म्हणतो, "पाव वचूं दी रे, हात मोडलो जाल्यार फाल्यां सायकल कोण चलयतलो?" म्हणजे पाव जाऊ देत, हात मोडला तर उद्या सायकल कोण चालवणार. मी ते वाक्य ग्रुपमध्ये कितीतरी वेळा सांगितलंय. ज्याचं पोट सायकलवर आहे त्याला पडल्यावर सगळ्यात आधी काय करायचं ते माहीत असतं.

आणि आता दादाचं, जे लिहायला मला जड जातंय, पण त्याला विचारून लिहितेय. रायबंदरहून चोडणला फेरीने जायचं, सालीम अली पक्षी अभयारण्याच्या बाजूने एक चक्कर मारायची आणि परत, ही आमची आवडती राइड. फेरीचा धक्का म्हणजे सिमेंटचा उतार, मांडवीला भरती-सुकती असते, त्यामुळे धक्क्याचा खालचा भाग कधी पाण्याखाली कधी उघडा. भरतीच्या वेळी काही वाटत नाही, पण सुकती असली की जो भाग उघडा पडतो तो हिरवागार, त्यावर शेवाळाचा पातळ थर, वरून चिखलाचं पाणी. चोडणच्या बाजूला दादा फेरीतून सायकलवर बसूनच उतरला, मागे स्कूटरवाले हॉर्न देत होते म्हणून घाईत, पुढचं चाक लोखंडी फळीवरून सिमेंटवर आलं आणि गेलं. हात पुढे करून पडला, तळव्यावर. फेरीतली सगळी माणसं बघतायत. तो जो उठला तो जणू काही झालंच नाही असा, हसून हात झटकला, सायकलवर बसला, आणि पूर्ण राइड केली आमच्यासोबत. पूर्ण.

नंतर कितीतरी दिवस तो कोणाला बोलला नाही. डाव्या हाताने चहाचा कप उचलताना तोंड वेडंवाकडं करायचा, वहिनीच्या लक्षात आलं. एक्स-रे काढला तेव्हा कळलं, मनगटातलं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडलं होतं. अंगठा ताणून वर केला की त्याच्या मुळाशी दोन शिरांच्या मध्ये एक खळगा दिसतो ना, त्याच्या खाली असतं ते. तळव्यावर पडल्यावर जे हाड मोडायची भीती असते त्यातलं हे एक. त्याचा त्रास असा की सूज फार येत नाही, बोटं हलतात, माणसाला वाटतं मुरगळलं असेल, आणि पहिल्या एक्स-रेत सुद्धा कधीकधी दिसत नाही, म्हणून डॉक्टर संशय असेल तर हात बांधून ठेवतात आणि दहा ते चौदा दिवसांनी परत एक्स-रे काढतात. आणि त्या हाडाला रक्तपुरवठा मुख्यतः एका टोकाकडून होतो, म्हणून उशीर झाला तर जुळायला फार वेळ लागतो, काही वेळा जुळतच नाही. दादाचं जुळलं, पण प्लास्टर बरेच आठवडे राहिलं. त्या खळग्यात दाबून दुखलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, प्लीज. लोक बघतायत म्हणून उठलात तरी चालेल, पण घरी जाऊन तरी सांगा कोणाला.

मला या लाजेचं खरंच नवल वाटतं. आमच्या इथे आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला देवकीकृष्णाच्या देवळासमोर चिखलकाला असतो. मूळ देऊळ चोडणचंच, पोर्तुगिजांच्या काळात देव तिथून हलवले. अंगाला तेल लावून मोठमोठे बापे त्या चिखलात लोळतात, एकमेकांना आडवं करतात, पोरं खांद्यावरून उड्या मारतात, आणि अख्खं गाव कौतुकाने बघत असतं. तिथे पडण्याची कोणाला लाज नाही, उलट अंगाला चिखल लागला नाही तर चुकल्यासारखं वाटतं. तीच माणसं दुसऱ्या दिवशी स्कूटर घेऊन जाताना स्लिप झाली की आधी बघतात कोणी पाहिलं का. म्हणजे पडणं आपल्याला जमतं, आवडतं सुद्धा, फक्त सगळ्यांनी मिळून पडायला हवं. मग रस्त्यात एकटं पडलेल्याला निदान आपण एकटं वाटू देऊ नये, एवढं तरी आपल्या हातात आहे की.

पावसाळ्यातल्या जागा आता माहीत असायलाच हव्यात. आपल्याकडे गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाला की पुढचे चार महिने रस्ता सुकत नाही. पहिल्या सरीचे दिवस सगळ्यात वाईट, उन्हाळाभर रस्त्यावर सांडलेलं तेल आणि धूळ वर येते. झेब्राचे पांढरे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणं, झाडाखाली पडलेली जांभळं, चिऱ्याच्या भिंतीकडेचं शेवाळ, यावर ब्रेक दाबायचा नाही आणि हँडल वळवायचं नाही, सरळ जायचं. ब्रेक आधी दाबून घ्यायचा. आणि कड. खोदून परत बुजवलेला रस्ता जिथे जुन्या डांबराला भेटतो, किंवा पेव्हर जिथे संपतात, तिथे दोन बोटांची पायरी असते, तिला चाक तिरकं घासलं की ते चढत नाही, कडेला धरून सरकत जातं आणि आपण वरून जातो. अशी कड जमेल तेवढी काटकोनात ओलांडायची. वास्को-कुळे लाइनीवरच्या फाटकात रुळांचं पण तेच, तिथे तर खाचच असते. आणि पाणी साचलेल्या खड्ड्यातून "खोल नसेल" म्हणून जायचं नाही, बस.

नवीन लोकांना मी रायबंदरच्या बांधावर न्यायला सांगते. १६३३-३४ मध्ये बांधलेला तो जवळजवळ तीन किलोमीटरचा रस्ता, एका बाजूला मांडवी, चढउतार नाही. फक्त पहाटे न्या, ट्रॅफिक सुरू व्हायच्या आत.

ओढणी. हे वेगळं लिहितेय कारण यात हसण्यासारखं काहीच नाही. सलवार चेनमध्ये गेली तर पाय अडकतो आणि पडायला होतं, उजव्या पायाला रबर बँड किंवा वेल्क्रो पट्टी लावली की भागतं. पण ओढणी चाकात गेली तर गळा आवळतो. पाठीमागे गाठ मारून, वरून काही घालून, किंवा सरळ घरी ठेवून. आमच्या ग्रुपमध्ये निघायच्या आधी आम्ही एकमेकींची ओढणी बघतो.

आता कोणी पडलं तर बाजूच्याने काय करायचं. हाताला धरून खेचून उठवायचं नाही, हे पहिलं. सगळे प्रेमाने तेच करतात, पण मोडलेला हात किंवा गळ्याजवळचं हाड असेल तर त्याने वाढतं. गाड्या येत असतील तर आधी त्या थांबवा, सायकल बाजूला घ्या, माणसाजवळ खाली बसा, उभं राहून वरून विचारू नका. कुठे लागलं, डोकं आपटलं का, नाव-गाव नीट सांगतोय का. डोकं आपटलं असेल, उलटी होत असेल, गुंगी वाटत असेल तर राइड संपली, हॉस्पिटल. खरचटलं असेल तर आधी वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवायचं, आपल्याकडची तांबडी माती आणि बारीक खडी आत राहते, ती निघेपर्यंत धुवायचं, लगेच हळद भरून मोकळं व्हायचं नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते विचारा, मळकी जखम असेल आणि पाच वर्षं उलटली असतील तर डॉक्टर परत देतात. हेल्मेट आपटलं असेल तर ते बदलायचं, आतलं थर्माकोल एकदाच दबतं, बाहेरून चांगलं दिसलं तरी.

मग सायकल. उजव्या बाजूला पडली असेल तर मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग बघा, तो ज्या छोट्या हँगरवर लटकतो तो सहज वाकतो, आणि मग चढावर सगळ्यात हलका गिअर टाकला की डिरेलर स्पोकमध्ये जातो आणि माणूस दुसऱ्यांदा पडतो. मागून बघायचं, डिरेलर चाकाला समांतर आहे का. पुढचं चाक दोन पायात धरून हँडल सरळ आहे का बघायचं, दोन्ही ब्रेक दाबून बघायचे, चाक उचलून फिरवून बघायचं घासतंय का. या सगळ्यात पाच-सात मिनिटं जातात, तेवढ्यात धडधड पण कमी होते.

आई आता परत चालवते. सीट खाली आहे, पोदेरासारखा पाय आधी काढते, बाजाराच्या त्याच वळणावरून जाते. परवा भाजीवालीने तिला विचारलं म्हणे, मला पण शिकवशील का, आणि आता दोघी संध्याकाळी मैदानात जातात. भाजीवाली पहिल्याच आठवड्यात पडली. आईने तिला उठवलं नाही, बाजूला बसली तिच्या, आणि दोघींनी आधी मनगटं फिरवून बघितली.

येत्या रविवारी आम्ही चोडणला जातोय, रायबंदर धक्क्यावरून सकाळची फेरी. निघायच्या वेळी सुकती असणार, म्हणून दोन्ही धक्क्यांवर सगळ्यांनी उतरून चालत जायचं, स्कूटरवाले कितीही हॉर्न देऊ देत. नवीन कोणी येणार असेल तर जरूर या, माझ्याकडे पाणी, साबण आणि पट्ट्या आहेत.